मागं पाहणारे चेहरे

२१ मार्च

मुखवटे वाळले. रंगवायला घेतले.

मोहफुलं गळायला लागली, म्हणजे बाया जंगलात जाणारच. वाघ असो की नसो. गेल्या वर्षी कुठून तरी प्लास्टिकचे मुखवटे आले होते, ते उन्हानं वाकडे झाले. म्हणून हे कागदाच्या लगद्याचे, मी केलेले. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाकून फुलं वेचणाऱ्या बाईवर तो मागून येतो. मागूनही चेहरा दिसला तर थबकतो म्हणतात.

म्हणतात! माझ्या दुर्गीला, दुर्गेश्वरीला, वाघानं नेलं तेव्हा तेवढंही नव्हतं; प्लास्टिकचे आले ते नंतर. वर्ष झालं.

रुख्मिणीकाकू दारात येऊन उभी. "काऊन रे पेंटर, नाटकाचे पडदे संपले का? आता आमचे थोबाडं रंगवून राह्यला?"

म्हटलं, फुकट आहे.

"मंग नाक चांगलं काढजो माहं. आहे तसं नको."

हसू आलं. मलाच विचित्र वाटलं.

२३ मार्च

कॉलेज आठवलं आज, उगाच. दुसरं वर्ष, नागपूर. प्रत्येकानं आरशात पाहून स्वतःचा चेहरा काढायचा होता. माझा पाहून सर म्हणाले, "हा कोण? यात तू कुठेच नाहीस." सगळा वर्ग हसला. तिथंच कागद फाडला, बॅग उचलली, परत गेलो नाही. बाबा महिनाभर बोलले नाहीत.

दुर्गी एवढंच म्हणाली, "फाडला कायले? मले पाह्यजे होता."

२६ मार्च

आज पहाटे बाया मुखवटे बांधून निघाल्या. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभा होतो. रांग आमच्याकडच्या प्रतापगडाच्या बाजूनं जंगलाकडे वळली, त्यांच्या पाठी माझ्याकडे झाल्या.

सगळ्या दुर्गी. कोणाचं नाक वेगळं, कोणाचे गाल भरलेले — पण पाहणं तेच. टोपली डोक्यावर घेऊन जायची, वळणावर मान वळवून मला पाहायची. तसं.

ठरवून केलं नाही मी. तिचा शेवटचा चेहरा मला कोणी पाहू दिला नाही. चादरीत बांधूनच आणलं. "नको पाहू, बाप्पा, नको पाहू" — चार जणांनी धरून ठेवलं होतं. मग हाताला दुसरा चेहरा कुठून येणार? हाच एक आहे माझ्याकडे. वळलेला.

२७ मार्च

गावाला कळलं. रुख्मिणीकाकू आली ती तणतणत. "मेलेली पोरगी बांधली ना रे माह्या डोक्यावर! अना माहं नाक कुठं आहे?" मग एकदम आवाज उतरला. "नंदाबाईनं पाह्यलं."

नंदाबाई, दुर्गीची माय. मी बोलत नाही तिच्याशी. त्या दिवशी दुर्गीला ताप होता. तरी नेलं तिला, फुलं वाया जातील म्हणून. तेराव्याला तिच्या अंगणात उभा राहून ओरडलो होतो, तूच खाल्ली तिला. ती सुपात तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

आजही मला तेच वाटतं.

३० मार्च, पाडवा

माझी माय सांगत होती. नंदाबाई मुखवटा घालत नाही आणि सगळ्यांच्या मागं चालते. शेवटी चालायला कोणी तयार नसतं. बाया पाळी लावतात, पाळी आली की देवाचं नाव घेतात. ही रोज आपणहून. काकूनं हात धरून पुढं ओढलं तर म्हणाली, "राहू दे वो. इथूनच दिसते."

तिच्या वाट्याचा मुखवटा घरी टांगलेला आहे. विचारलं तर म्हणे, "माह्या डोक्यामागं बांधली तं मले कशी दिसन?"

मूर्ख बाई. मरायचं आहे का हिला? मग मर.

लिहून टाकलं. खोडत नाही. पण पाडव्याचा गोड भात ताटात तसाच राहिला.

१ एप्रिल

तलावापलीकडे चिखलात पंजे दिसले. ताजे. बाया जाताहेतच. ती मागंच.

२ एप्रिल

घरोघरी जाऊन सगळे मुखवटे गोळा केले. नंदाबाईच्या दारात गेलो नाही; तिचा तिच्याकडेच राहिला. पांढरा रंग कालवला.

कपाळ सोपं गेलं. गाल गेले. डोळ्यांवर ब्रश जाईना. मग बोटानंच पुसले. एकेक करत सगळे.

एक ठेवून घ्यावा असं वाटलं. नाही ठेवला. तो पाहून मी पुन्हा तीच काढली असती, आणि तिची माय पुन्हा तिच्या मागं मागं चालली असती.

वरून नाटकातले चेहरे काढले. राजा, हवालदार, दरोडेखोर. काकूनं आपला हातात धरून पाहिला. "हा मिशीवाला कोन?"

"दरोडेखोर."

"चालते. आमच्या म्हाताऱ्यापेक्षा बरा आहे." जाताना डोक्यावर हात ठेवला तिनं माझ्या.

आता माझ्याकडे ती कुठंच नाही. ना फोटोत — तिच्या आधार कार्डावरची पोरगी मला ओळखू येत नाही — ना माझ्या हातात. दुपारी कागद घेऊन बसलो. वळणावरचा चेहरा आठवला नाही. टोपली आठवली. मान आठवली. चेहऱ्याच्या जागी पांढरा रंग.

३ एप्रिल

पाळीवर गेलो. रांग वळली. राजा, हवालदार, दरोडेखोर. आणि सगळ्यात शेवटी नंदाबाईचा अंबाडा, उघडा.

पुढं पाहायला काही उरलं नाही तरी ती मागंच!

मग कशासाठी पुसलं मी?

धावत जाऊन तिला ओढावं वाटलं. ओरडावंसं वाटलं. गेल्या वर्षी ओरडलो होतो, तो आवाजच निघाला नाही. ती झाडांत जाईपर्यंत पाहत राहिलो.

४ एप्रिल

नंदाबाई आली. मोहाची टोपली उंबऱ्याबाहेर ठेवली. पदराखालून आपला मुखवटा काढला. घरी ओल्या फडक्यानं पुसून काढलेला, कोरा.

"याच्यावर तू काढ."

"कोण काढू?"

"तूच. तुहा चेहरा." खाली बसली. "पोरगी वळणावर वळून कोनाले पाहे, मले दिसत नोहोतं का? मीच तं तिले हाका मारू, चाल लवकर म्हणून." टोपलीतली फुलं हातानं सारखी केली. "आता ते पोरगी मागं राह्यली, बाबू. मी हा बांधून चालीन पुढं. पन मागून तिले तू दिसला पाह्यजे."

आरसा खाली उतरवला आहे. पाहतो आहे.