चौदा रात्रींचा पाहुणा

प्रिय किरकिऱ्या,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. बावीस वर्षं बोटीच्या इंजिनाच्या खोलीत काढलीस आणि शेवटी डॉक्टरने कान तपासून तुला कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. आता महिनाअखेरीस बोजाबिस्तरा घेऊन येतोयस, अंगणवाल्या खिडकीखाली तुझी खाट टाकून ठेव म्हणतोस. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय, असं म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर फोनवर मला हे जमलंच नसतं. तू ज्याला घर म्हणतोस त्याचं काय झालंय ते आधी नीट वाच, आणि अर्ध्यात पत्र चुरगळून फेकू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आपल्या चारही इमारती पालिकेने एका कंपनीच्या हवाली केल्या. विकल्या म्हणायचं नाही हं, ‘भागीदारी’ म्हणायचं. जमीन पालिकेची, पैसा कंपनीचा, आणि आपण मधल्या मधे. एकेक इमारत नवी करायची आणि जुन्या भाडेकरूंना क्रमाने तिथे हलवायचं, असा बेत आहे. पहिली तयार झाली. बाहेरून असा काही रंग फासलाय की ओळखू येत नाही. आत पाऊल टाकलं की अत्तराचा भपकारा. भिंतीवर यंत्र लावलंय, ते दर दहा मिनिटांनी फुस्स करतं. पण ते पुढचं दार घरं विकत घेणाऱ्यांचं. आपण मागून जायचं, कचऱ्याच्या खोलीला वळसा घालून. पाइप तेच, गंजके, वरून पांढरे तक्ते ठोकून झाकलेत. नळवाला मला स्वतः म्हणाला, ताई, मला झाकायचं काम दिलंय, बदलायचं नाही. आणि जिथे सगळ्या बायका कपडे वाळत घालायच्या त्या गच्चीला काचेचं दार लावलंय, ते आपल्या किल्लीने उघडत नाही. शी! आणि लोक आहेत की त्या दारापुढे उभं राहून फोटो काढतात.

या सगळ्याच्या आधी माणसं मोजायला कंपनीची एक मुलगी आली होती. इतकी गोड बोलायची की आम्ही तिचं नाव साखरबाई ठेवलं. चपला दाराबाहेर काढल्या, माझं शिवणयंत्र बघून आपल्या आजीकडेही असंच होतं म्हणाली, चहा घेतला आणि मग हळूच विचारलं, घरात किती जण राहता?

आता तू मला सांग, आपल्या इमारतीत हा प्रश्न आला की काय करायचं हे कुणाला शिकवावं लागतं का? पालिकेचा भाडेसाहेब वर्षातून दोनदा डोकी मोजायला यायचा. त्याच्या वहीतल्यापेक्षा एक जरी जास्त सापडलं की नोटीस. तो फाटकात दिसला की सुतारकाका पाण्याच्या पाइपवर हातोडीने तीन ठोके मारायचे आणि पाच मिनिटांत अर्धी इमारत गायब! आपले काका टाकीमागे, आजी शेजारच्या इमारतीत, जादा खाटा गच्चीवर. तुला तर आई कपड्यांच्या बोचक्यामागे बसवायची आणि तू तिथेही किरकिर करायचास. आपण वाढलोच तसे. आई गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, तू बोटीवर, तुझं नाव वहीत कधी चढलंच नाही.

म्हणून मी म्हणाले, एकटीच राहते.

इतक्या सफाईने म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं. तू नुकताच बोटीवर परतला होतास, तुझा निळा सदरा अजून दोरीवर होता, तो साखरबाईची पाठ वळताच कपाटात कोंबला. मोरीत दातांचे दोन ब्रश होते, तुझा आणि माझा. ते तिने पाहिले. मी तिला पाहताना पाहिलं. ती गोड हसली आणि कागदावर एक आकडा लिहिला. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला.

नव्वद घरांपैकी साठेक घरांनी तेच केलं. म्हातारे आईबाप लपवले, लेकी लपवल्या. नर्सबाईने तर पोटची दोन पोरं भावाकडे धाडली होती. सगळे संध्याकाळी जिन्यात जमून एकमेकांना टाळ्या देत होते, कसं गंडवलं म्हणून. मीही हसत होते. आणि मग याद्या लागल्या. जितकी माणसं यादीत, तितकंच घर. जो यादीत नाही तो पाहुणा. पाहुण्याने वर्षातून चौदा रात्री राहायचं, तेही दारावरच्या रखवालदाराकडे नोंद करून. पंधराव्या रात्री घर रद्द! आपण लपवलेल्या माणसांच्या जागेत कंपनीने विकायची घरं वाढवून घेतली. वर कंपनीचा साहेब सभेत म्हणतो कसा, रहिवाशांनी दिलेल्या प्रामाणिक माहितीबद्दल आभार. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. असं वाटलं, त्याच्या त्या चकचकीत बुटांवर थुंकावं.

पण थुंकले नाही. का नाही, तेही सांगते, कारण आता लपवालपवीचा मला वीट आलाय. सभेनंतर साखरबाईने मला बाजूला घेतलं आणि नमुन्याचं घर दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं, एका माणसाचं. म्हणाली, ताई, यादीबद्दल कुरकुर न करणाऱ्यांना आम्ही आधी निवडू देतो. एकच खोली रे, पण सकाळचं ऊन थेट आत येत होतं. खिडकीपाशी माझं यंत्र बसेल अशी जागा. ओट्यावरून हात फिरवला तर थंडगार, गुळगुळीत, एक डाग नाही. आणि मला बरं वाटलं. तुझं पत्र त्या वेळी माझ्या पिशवीत होतं, तू कायमचा येतोयस हे मला ठाऊक होतं, तरी मला बरं वाटलं. त्या कंपनीची जेवढी किळस येते ना, तेवढीच मला त्या दिवशीच्या स्वतःची येते. त्यांनी फसवलं म्हणून ओरडते खरी, पण शेण मीही खाल्लं. महिनाभर तुझं पत्र गादीखाली घालून झोपले आणि नव्या घराच्या कागदावर सही करायच्या तारखेची वाट बघत बसले.

सुतारकाका माझ्यासारखे नाहीत. आठवड्यापूर्वी ते छाती पुढे काढून कंपनीच्या कचेरीत गेले आणि सांगितलं, माझा मुलगा, सून आणि नातवंड माझ्याजवळच राहतात, मी खोटं बोललो होतो, दुरुस्त करून घ्या. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, तेच लेखी मागितलं. चौथ्या दिवशी दारावर कागद चिकटवला: खोटी माहिती दिल्यामुळे अपात्र. चौघं रस्त्यावर. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याने या इमारतीतली प्रत्येक खिडकी कधी ना कधी फुकट तासून दिली. साखरबाईला मी विचारलं, लाज वाटत नाही का गं? तर म्हणते, नियम मी केले नाहीत, ताई. तेवढ्याच गोडीने!

काकांचा कागद बघून घरी आले, तुझं पत्र पुन्हा काढलं आणि काल मीही लिहून दिलं. कंपनीत नाही, थेट पालिकेच्या घरखात्यात, शिक्का मारून पोच घेतली. लिहिलं की माझा धाकटा भाऊ जन्मापासून या घरात राहतो, बोटीवरून दर वेळी इथेच येतो, आणि त्याचं नाव मी लपवलं. काकांनाही बरोबर नेऊन त्यांचा अर्ज करवून घेतला. म्हणजे आता आपल्याला एक तर दोघांचं घर मिळेल, नाही तर मीही अपात्र. वीस तारखेला सुनावणी आहे. तिथे माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही, एकदा खोटं बोललेली बाई मी. म्हणून हे पत्र, किरकिऱ्या. महिनाअखेरपर्यंत थांबू नकोस, बोट पुढच्या ज्या बंदराला लागेल तिथे उतर. या पत्त्यावरचा असेल नसेल तो प्रत्येक कागद घेऊन ये. सुनावणीतला साहेब काय विचारतो ते तुला ऐकू येणार नाही, मी शेजारी बसून वहीत लिहून दाखवीन. उत्तर मात्र तू द्यायचंस, मोठ्याने. मला शिव्या घालायच्या असतील तर त्या एकविसाव्या तारखेला घाल, मी जिथे असेन तिथे ऐकून घेईन.

खोटारडी, पण तुझीच,
ताई