डास चावल्याचं औषध

माय, तुझ्या पणतीला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं आहे. एवढीशी पोर. पायाला डास चावला, तिने खाजवून खाजवून फोड केला, आणि आता गुडघ्याखाली पाय लालभडक सुजलाय, अंग तापाने फणफणतंय. लाली जिथवर होती तिथे डॉक्टरांनी पेनाने रेघ मारली. सलाईनमधून औषध चालू आहे, तरी लाली रेघेबाहेर गेली. काल त्यांनी दुसरी रेघ मारली, आज तीही मागे पडली.

डॉक्टरांनी विचारलं, “आजी, घरी काही लावलं होतं का?” सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सकाळची शिळी थुंकी. ते रागावलेही नाहीत. “फुटलेल्या फोडाला थुंकी नका लावू. तोंडातले जंतू आत जातात. साबणाने धुवायचं, नखं कापायची, आणि लाली पसरायला लागली की लगेच यायचं,” एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

मला दुसरं येत तरी कुठे होतं? भातकुलीच्या घरी मेथीच्या जुड्या बांधायला बसण्याआधी तू आम्हा पोरींना चुलीसमोर ओळीने बसवायचीस. चूळ न भरता बोटावर थुंकी घेऊन जिथे जिथे डास चावला तिथे लावायचीस. मी पाय ओढला की डाफरायचीस, “उगी राह्य वं! हेच औषद हाये. डाक्टर काय येगळं देते?” मला गुण यायचाही. धाकटीचा फोड मात्र चिघळला. तिचा पाय असाच सुजला, ताप असाच चढला. तू मीठ-मिरच्या ओवाळत राहिलीस, थुंकी लावत राहिलीस, आणि ती गेली. “माह्या पोरीले नजर लागली,” असं तू जन्मभर सांगितलंस. नजर शेजारणीची म्हणून तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाहीस.

सून माझ्याशी बोलत नाही. मुलगा म्हणतो, “माय, तू घरी जाय, आराम कर.” मी बाकावरून हलत नाही. डॉक्टर आता नुसतं “बघू” म्हणतात, आणि मला काही आशा वाटत नाही.

हे पत्र कुणाला द्यायचं नाहीच, म्हणून सांगते. तू गेलीस म्हणून इतकी वर्षं रडले. आज पहिल्यांदा वाटलं, धाकटी कशाने गेली हे कळायच्या आत गेलीस ते बरं झालं.