छिंदवाड्याहून आलेला डायनामो

काँग्रेसनगर, नागपूर
१८ ऑक्टोबर १९७४

श्री. आनंदरावभाऊजींना पुष्पलतेचा नमस्कार, वि. वि.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला येता येत नसल्याची तुमची तार मिळाली. कार्य नीट पार पडलं. पंगत उठली, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी विश्वनाथही राउरकेल्याला परतला. जाता जाता सांगून गेला की आई, ती लाल गाडी विकून टाक, गॅरेज भाड्याने देऊ. मी बरं म्हटलं. मुलगा निघताना दारात उभा असला की आई बरंच म्हणते.

मग गॅरेज उघडलं. ह्यांच्यानंतर कुलूप काढलंच नव्हतं. मँगनीजच्या खाणीवरचे ते दोघे साहेब विलायतेला निघाले तेव्हा तुम्ही मामे-आतेभावांनी एकाच दिवशी त्यांच्या दोन सारख्या एमजी मोटारी घरी आणल्या, तुमची हिरवी, ह्यांची लाल. सासूबाई म्हणाल्या होत्या की एवढ्या पैशात दोनच माणसं बसणारी गाडी आणणारे आमच्याच घरात निघाले. त्या दोन माणसांतली एक मी. इतकी वर्षं शेजारी बसले, पण ह्यांनी स्टिअरिंगच्या चाकाला हात लावू दिला नाही. मला फियाट येते, काटोलच्या बागेत ह्यांनीच शिकवली होती. ही मात्र तुझ्या हातची नाही, म्हणायचे.

आता मला ती चालवायची आहे. काहून, ते विचारू नका. बर्डीच्या कवडू मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला की बाई, मी अँबेसिडरवाला माणूस, हे गाडी मले समजत नाही, कोणाले तरी विचारा. म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुमची हिरवी अजून पळते ना?

तुमच्या आस्थेवर विसंबून असलेली,
पुष्पलता


छिंदवाडा
२६ ऑक्टोबर १९७४

ती. पुष्पलतावहिनींस आनंदाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं आणि दिवसभर बरं वाटत राहिलं. विश्वनाथला सांगा, ती गाडी विकायला काढली तर काका छिंदवाड्याहून काठी घेऊन येईल.

घाई करू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, त्याचा आता डिंक झाला असेल. बॅटरी नवी घ्या. लक्षात ठेवा, ह्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडतात, कवडू सवयीने उलटं जोडेल. कार्बोरेटर दोन आहेत, त्यांची वरची झाकणं काढून आतल्या दांड्यांना तेलाचे चार थेंब द्या. तेल तुमच्या शिवणयंत्राचं चालेल, मोबिल ऑइल नको, फार जाड. दारांच्या आतली चौकट लाकडाची आहे. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी.

किल्ली फिरवली की बॉनेटखालचा पेट्रोल पंप टिकटिक करतो. ती ऐकू आल्याशिवाय सुरू करू नका. मनोहर म्हणायचा की ही गाडी आधी घसा साफ करते, मग बोलते.

माझी हिरवी उत्तम आहे. गेल्या रविवारी तामियापर्यंत जाऊन आलो. दरीवर ऊन पडलं होतं. तुमची जाऊ कुसुम असती तर पोह्यांचा डबा घेऊन बसली असती. ती गेल्यापासून मी डबा नेत नाही, नुसताच जातो आणि येतो.

कळवत राहा, ही विनंती.
आपला,
आनंद


नागपूर
११ नोव्हेंबर १९७४

श्री. आनंदरावभाऊजींना स. न. वि. वि.

गाडी सुरू झाली. सगळं तुम्ही लिहिलं तसं केलं. कवडू खरंच बॅटरी उलटी जोडत होता. मी पत्र हातात धरून उभी होते, म्हणून वाचलो. डाव्या दारात थोडी वाळवी निघाली, तेवढं लाकूड सुताराकडून बदलून घेतलं. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा समोरच्या इंदुताई गॅलरीत आल्या. त्यांना वाटलं, हेच आले. मग मला पाहिलं आणि आत गेल्या.

दोन दिवस फाटकापासून कोपऱ्यापर्यंत नेली. तिसऱ्या दिवशी पंपाची टिकटिक बंद. कवडूने आतले पॉइंट घासून पाहिले, पण गुंडाळीच जळली आहे. त्याने मुंबईला माणूस पाठवून विचारलं. हे सामान येणं कधीचंच बंद झालं, आता मिळायचं नाही म्हणतात. गाडी पुन्हा गॅरेजात गेली आणि मी स्वयंपाकघरात. एका माणसाचा स्वयंपाक किती चटकन संपतो.

एक विचारू? तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या होत्या. चालत्या गाडीत बसून लिहिता की काय? सर्व्हेअर माणसाच्या रेघा अशा वाकड्या पाहून हसू आलं. प्रकृती बरी आहे ना?

उत्तराची वाट पाहणारी,
पुष्पलता


छिंदवाडा
२० नोव्हेंबर १९७४

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेने पार्सल पाठवलं आहे, पावती सोबत आहे. त्यात पंप आहे. माझ्याजवळ एक जास्तीचा पडून होता. लावताना वायर घट्ट बसवायला सांगा.

रस्त्यावर नेली की तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना घाई करू नका. क्लच दाबा, गिअर सोडा, ॲक्सिलरेटरला किंचित हात, म्हणजे पाय, द्या आणि मग दुसरा टाका. गाडी कुरकुरली तर ती तुम्हाला नाही, मनोहरला आठवून कुरकुरते असं समजा.

ओळींचं म्हणाल तर दिवाणखान्यातला दिवा मंद आहे. बाकी ठीक.

तुमच्या पत्राने घरात कोणी येऊन गेल्यासारखं होतं. तेव्हा हात आखडता घेऊ नका.
आनंद


नागपूर
२२ डिसेंबर १९७४

श्री. आनंदरावभाऊजींना स. न. वि. वि.

तुमचा पंप लागला आणि मी अंबाझरीला जाऊन आले, मग वाडीच्या पुढे, आणि परवा थेट काटोलला. कापडी टप खाली केला होता. बागेतले गडी हातातलं काम टाकून पाहत राहिले. तुळसाबाई म्हातारी जवळ आली, गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली की वं बाई, मालक गेले, तू कुठं चालली एकटी? मी म्हटलं, इथंच आले, तुझ्याकडे. तिने टोपलीभर संत्री शेजारच्या सीटवर ठेवली. येताना त्या टोपलीचा आधार वाटला, भाऊजी. एरवी ती सीट फार मोठी दिसते. ह्यांनी शेजारी बसवलं की मी बोलत असे आणि हे हूं हूं करत असत. आता चालवणारी मी आहे आणि हूं म्हणायला कोणी नाही.

आता तक्रार. कोराडी नाक्याजवळ म्हशीने मान फिरवली आणि शिंगाने डावा दिवा फोडला. शिवाय डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही. कवडू म्हणतो डायनामो गेला, बॅटरी भरतच नाही. मी आता दिवसाउजेडी जवळच्या जवळ फिरते आणि रोज बॅटरी चार्जिंगला देते.

संक्रांतीला तुम्ही तुमची हिरवी घेऊन या ना. दोन्ही गाड्या पुन्हा एकदा काटोलच्या रस्त्यावर मागेपुढे नेऊ. नाही म्हणू नका.

वाट पाहते.
पुष्पलता


छिंदवाडा
४ जानेवारी १९७५

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

अक्षर बदललेलं पाहून घाबरू नका. माझं मनगट मुरगळलं आहे, म्हणून शेजारच्या शाळामास्तरीणबाई सिंधूताई लिहून देत आहेत. त्या हसून राहिल्या आहेत, कारण डायनामो हा शब्द त्यांनी आज पहिल्यांदा लिहिला.

डायनामो आणि एक दिवा पार्सलने निघाला आहे. हेही जास्तीचंच होतं. मी पूर्वी सामान जमवून ठेवत असे. डायनामोचा पट्टा फार ताणू नका, अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच खाली गेला पाहिजे.

संक्रांतीला जमणार नाही. सिल्लेवानीच्या घाटात रस्ता खराब आहे, आणि इथे थोडी कामंही आहेत. नाताळात तामियाला गेलो होतो, गाडी एका दमात चढली. पुढच्या हिवाळ्यात नक्की पाहू.

राग धरू नका, एवढं मागणं.
आनंद


नागपूर
१३ जानेवारी १९७५

श्री. आनंदरावभाऊजींना स. न. वि. वि.

दोन्ही वस्तू लागल्या. लाल दिवा विझला, नवा दिवा लागला.

डायनामो बसवण्याआधी कवडूने तो आपटून पाहिला, तर आतून माती पडली. कुंभारमाशीचं घर होतं, चांगलं जुनं, वाळून दगड झालेलं. कवडू म्हणाला की बाई, हे पेटीतलं सामान नाही, हे गाडीवरून काढून देल्लं. अन् हे गाडी लई दिवसांपासून उभी हाये, फिरत्या डायनामोत माशी घर नाही करत.

मी त्याला डायनामो बसवायला सांगितलं. तुम्हाला काही विचारत नाही. येत्या रविवारी सकाळी मी निघते. सावनेर, सौसर, मग घाट. विश्वनाथला कळवलेलं नाही. हे पत्र पोचेल तेव्हा मला नको म्हणायला वेळ उरलेला नसेल, म्हणून आजच टाकते आहे.

मी तिळगूळ आणते. तुम्ही फक्त घरी राहा.
पुष्पलता


छिंदवाडा
२३ जानेवारी १९७५

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

सिंधूताईच लिहीत आहेत. आता मनगटाचं कारण द्यायची गरज नाही.

तुम्ही कोपऱ्यावर वळलात तेव्हाच मला कळलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात, गाडी जरासुद्धा कुरकुरली नाही. मी व्हरांड्यात उभा होतो आणि वाटलं, मनोहरच आला. मग इंजिन बंद झालं आणि बांगड्या वाजल्या.

तुम्ही सरळ शेडकडे गेलात. मी मागे उभा राहून ऐकत होतो. लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, दिवे नसलेली, अर्धं इंजिन मोकळं झालेली ती हिरवी गाडी बघून तुम्ही रडाल किंवा रागवाल असं वाटलं. तुम्ही एवढंच विचारलंत की हे सगळं काढलं कोणी? मीच काढलं, वहिनी. त्या गाडीतले नट बोटांना आपोआप सापडतात. डोळे गेले तेव्हा सगळ्या वस्तू माझ्यापासून लांब गेल्या, तेवढी ती जवळ राहिली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून समजतं. तुमची पत्रं सिंधूताईच वाचत होत्या. उत्तर मात्र आपल्या हाताने लिहावं, हा माझा हट्ट.

नुसता आंधळा म्हातारा म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही दोनचार पत्रं दयेने पाठवली असती. गाडीचं लिहिलं, म्हणून तुम्ही माझ्याशी भांडत, मला विचारत लिहिलंत. मला ते हवं होतं.

मला हात धरून लाल गाडीच्या डाव्या सीटवर बसवलंत आणि तामियाला नेलंत. त्या गाडीत डावीकडे मी कधीच बसलो नव्हतो. वाटेत तुम्ही सांगत होतात, आता मोहाची झाडं आली, आता गाडीवान आडवा चालला आहे, बैलाचं एक शिंग निळं आहे. वर पोचल्यावर मी विचारलं, दरीत काय दिसतं? तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, धुकं आहे, मलाही काही दिसत नाही. खरं सांगितलंत की माझं मन राखलंत, ते मी विचारलं नाही.

तुमच्या आग्रहाप्रमाणे नागपुरात डोळे दाखवायला येईन. न्यायला या.

आपल्या मायेला पात्र राहण्याची इच्छा असलेला,
आनंद


नागपूर
१६ फेब्रुवारी १९७५

श्री. आनंदरावभाऊजींना पुष्पलतेचा नमस्कार, वि. वि.

तुम्हाला सोडून सुखरूप पोचले. सावनेरला चहा घेतला, बाकी कुठे थांबले नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांचं बोलणं तुम्ही शांतपणे ऐकलंत, मीच हातातली पर्स घट्ट धरून बसले होते. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून दुखणं तेवढं थांबेल, असं ते म्हणाले. थेंबांची बाटली संपायच्या आधी कळवा, मी नवी पाठवीन.

तुम्ही इथे होता ते दिवस घराला आवाज होता. तुम्ही कपाटावर आपटत होता, खुर्च्या चाचपत होता, सकाळी नळाखाली भांडं कुठलं ते आवाजावरून ओळखत होता. मी म्हटलं, इथंच राहा. तुम्ही म्हणालात की वहिनी, माझ्या घरात मी आंधळा नाही, तुमच्या घरात आहे. तुम्हाला परत सोडायला निघाले तेव्हा इंदुताई गॅलरीत होत्या. विश्वनाथचंही पत्र आलं आहे, गाडीत बसवून कोणाला फिरवत होतीस, लोक विचारतात. मी उत्तर लिहिलं की तुझे आनंदकाका, आणि गाडी विकायची नाही. एवढंच लिहिलं.

परत येताना घाट उतरले तर लक्षात आलं की मी बोलते आहे. पळस फुलायला लागला आहे, पुलाजवळ बायका कपडे धुताहेत, समोरून ट्रक येतो आहे, त्याला मी वाट देते आहे. शेजारची सीट रिकामी आणि मी तिला सगळं सांगत चाललेली. सौसरच्या रेल्वेफाटकावर गाडी उभी राहिली तेव्हा बाजूच्या बैलगाडीतला माणूस टक लावून बघत होता. मी गप्प झाले. फाटक उघडलं आणि पुन्हा बोलू लागले.

सिंधूताई, तुम्ही हे वाचून दाखवता त्याबद्दल तुमची फार आभारी आहे. तुमचा आवाज चांगला आहे, भाऊजी सांगत होते. पण भाऊजी, आता पत्र लिहायला बसलं की लेखणी थांबते. तुमच्या कानी येण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ते जायचं असतं. लिहायचं होतं त्यातलं काही घाटात त्या सीटला सांगून टाकलं. उरलेलं घेऊन पुढच्या महिन्यात येते. तोवर ह्या पत्रात गाडीचंच लिहिलं आहे असं समजा.

आपली,
पुष्पलता