शेवग्याची फांदी आणि अठराशे वॅट

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. सकाळी ७.३०

नोंद करून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की कुरापत मी काढली. आज सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी माझ्या चहात सुरवंट पडला. केसाळ, राखाडी, सव्वा इंच. पहिला घोट व्हायचा होता, एवढीच काय ती दया.

पडला शेजारच्या शेवग्यावरून. शेवगा आवडाबाईंचा. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं, आणि डोंबिवलीत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस आता उरलेला नाही. शेवग्याची एक फांदी कंपाउंड ओलांडून आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत येते आणि ग्रिलवर हात टेकून उभी राहते.

खाली त्यांचा मुलगा नाथा बाईक पुसत होता. मी कप ग्रिलबाहेर काढून त्याला पुरावा दाखवला. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "काका, दूध कमी परला का?" मग पुन्हा बाईक पुसायला लागला. हसलासुद्धा नाही. हसला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं.

फांदी पाडणार. स्वतःच्या हाताने. दसऱ्याच्या आत.

दुपारी १.००

कल्पिता म्हणते, नाथाला सांगा, तो तोडून देईल. सूड आणि सोय यांतला फरक बायकोला चोवीस वर्षांत समजावता आला नाही. विनंती करून पाडलेली फांदी काय कामाची? आवाज झाला पाहिजे. पलीकडच्यांनी घराबाहेर येऊन बघितलं पाहिजे.

इलेक्ट्रिक चेनसॉ मागवली. अठराशे वॅट, सोळा इंच. फोटोतला माणूस सागाचा ओंडका कापतोय आणि हसतोय. मीही हसणार, नाथाकडे बघून.

बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं: "दसऱ्याच्या आत फांदीचा बंदोबस्त मी स्वतः करत आहे." तेवीस अंगठे आले. नौपाड्याच्या ऑफिसात माझं मत शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवत नाही; इथे तेवीस लोक वाट बघताहेत. आता माघार नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ

पार्सल आलं. मशीन वेगळी, पट्टी वेगळी, चेन वेगळी. जोडणी आपण करायची. दहा मिनिटांचं काम.

एक तास चाळीस मिनिटांनंतर

जोडली. तेलही भरलं.

कल्पिता चष्मा लावून माहितीपुस्तिका वाचतेय. पहिल्या पानापासून, कादंबरी असल्यासारखी. म्हणाली, पट्टीच्या वरच्या बाजूला चेनचे दात टोकाकडे बघायला हवेत, हे तुमच्याकडे बघताहेत. मी म्हटलं, बघू देत, मालक मी आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चेन उलटी होती. मला कालच कळलं होतं, पण काल मान्य करण्यासारखं वातावरण नव्हतं. सुलटी केली. मग घट्ट केली. चेन खाली लोंबता कामा नये आणि हाताने ओढली की सहज फिरली पाहिजे, असं पुस्तिका म्हणते. माझी लोंबत नाही. फिरतही नाही. जोर लावला तेव्हा फिरली. हातमोजे घालण्याची सूचना त्याच्या वरच्या ओळीत होती.

अंगठ्याला पट्टी. ऑफिसात विचारलं तेव्हा म्हटलं, लाकूडकाम. दोघांनी आदराने मान डोलावली. नाथाला हा अंगठाही भोगावा लागणार.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.००

मशीन दिवाणाच्या कप्प्यात ठेवली होती. दोन रात्रींत तिच्यातलं सगळं तेल बाहेर आलं. कप्प्यात सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या होत्या. कल्पिताने गोधड्या उचलल्या, भिजत घातल्या, आणि पुन्हा पुस्तिका उघडून बसली. ही कुणाच्या बाजूने वाचतेय, ते कळत नाही.

११.००

पार्किंगमध्ये चाचणी. हेल्मेट, गमबूट, पोहण्याचा चष्मा. चौथ्या मजल्यावरची दोन माणसं आधीच येऊन उभी. पाय रोवले, दोन्ही हातांनी पकडलं. अंगठ्याने लॉक, बोटाने बटण.

काही नाही. पुन्हा. काही नाही. तेराव्यांदाही नाही.

११.२०

कंपनीला एक स्टार दिला. अभिप्रायाची सुरुवात "मेलेली यंत्रं विकणाऱ्या टोळीस" अशी केली. चांगला उतरला.

११.३०

कल्पिता खाली आली. पान सात. हँडलपुढची ढाल पुढे ढकललेली असेल तर ब्रेक लागलेला असतो. ती मागे ओढल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. ओढली. टक्.

११.३१

सुरू! काय आवाज. आवडाबाईंच्या कोंबड्या घराच्या मागे पळाल्या. नाथा दारात आला. तीन सेकंद मी आणि नाथा एकमेकांकडे बघत होतो.

मग जळका वास आला. पार्किंगचे दिवे गेले, पाण्याचा पंप गेला. गणपतीच्या लायटिंगचं एक्स्टेन्शन एवढा भार घेत नाही म्हणे. जाड वायर हवी. पान चार.

स्टार वाढवावा म्हणून गेलो, तर कंपनीचं उत्तर आलेलं: "कृपया ब्रेक तपासावा." नाही वाढवला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज शस्त्रपूजा. आजोबा कोयती पुजायचे, वडील टाइपरायटर. मी चेनसॉ. पाटावर ठेवली, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. कल्पिता म्हणाली, खोक्याला कुंकू लावा, मशीनच्या फटींत काही टाकू नका. मी म्हटलं, शस्त्राची पूजा खोक्यावर भागवायची नसते. हार चांगला दोन पदरी आणला होता. पट्टीला गुंडाळला. देखणी दिसत होती.

नारळ फोडताना नाथाचं नाव मनात घेतलं.

मग लक्षात आलं: पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ग्रुपवर एकाने फांदीचा आजचा फोटो टाकला. खाली काही लिहिलं नाही. मी लिहिलं, "धार्मिक कारणास्तव कार्यक्रम शनिवारी." एक अंगठा. तोही माझ्याच साडूचा, आणि तो फ्लॅट भाड्याने देऊन राहतो दिवा स्टेशनजवळ.

संध्याकाळी नाथा आपट्याची पानं घेऊन आला. मीच दार उघडलं. सोनं घेतलं, दिलं. सणाचा दिवस, म्हणून.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०.००

जाड वायर आणली. चेनचा ताण बरोबर. तेल भरलं. हातमोजे. चष्मा. या वेळी पुस्तिका मीही वाचली, निदान चित्रं.

एक अडचण. गॅलरीतून कापावी तर मध्ये ग्रिल. खालून कापावी तर फांदी बारा फुटांवर, आणि पुस्तिका म्हणते शिडीवर चढून चालवू नये, खांद्याच्या वर धरू नये. कल्पिताने ते वाक्य मोठ्याने वाचलं. दोनदा.

उपाय सापडला. कपड्यांची दोरी फांदीवर टाकायची, फांदी वाकवून कमरेपर्यंत आणायची, मग कापायची. हे पुस्तिकेत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याला सूड घ्यायचा नव्हता.

दुपारी ३.००, डाव्या हाताने

नऊ-दहा माणसं जमली होती. तीन मोबाईल वर धरलेले. दोरी चौथ्या फेकीत अडकली. ती खांबाला बांधून आधी मशीन सुरू करून बघितली: ब्रेक मागे, लॉक, बटण. सगळं बरोबर केलं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

खर्र झालं आणि थांबलं. झेंडूचा हार काढला होता, पण त्याचं सूत आत राहिलं होतं. ते चेनच्या चाकाला गुंडाळलं गेलं आणि चेन उतरून पट्टीवर लोंबायला लागली. आतून चार अक्षता बाहेर पडल्या.

प्लग काढला. शांतपणे काढला. नंतरचं मात्र शांतपणे झालं नाही. दोरी सोडवली, दोन्ही हातांनी धरली आणि फांदीला असा हिसका दिला की तिने नाथाचं नाव सांगावं.

फांदी तुटली नाही. तिच्यावरचे सगळे सुरवंट मात्र खाली आले. मानेवर, कॉलरमध्ये, उजव्या हातमोज्यात.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. मी ओरडत होतो, असं व्हिडिओत आहे. नाथा कंपाउंडवरून उडी मारून आला आणि मला धरून त्यांच्या ओट्यावर घेऊन गेला. आवडाबाईंनी विचारपूस केली नाही. शर्ट काढायला लावला, घोंगडीचा तुकडा घेतला आणि मान, पाठ, दंड खसाखसा पुसून काढले. मग खोबरेल. बाटली उलटी करून तळवा आपटला, शेवटचा थेंबसुद्धा माझ्या पाठीवर गेला. वासावरून घरचं खोबरं घाण्यावर देऊन काढून आणलेलं असावं.

मी म्हटलं, तुमच्या फांदीमुळे हे सगळं. तोंड दुसरीकडे करून म्हटलं.

"आरं बाला, मग सांगाचा नाय का?" त्या म्हणाल्या. "दरसाल दसरा झाला का शेवगा छाटतंव आमी. आज नाय तं उद्या तोरलीच असती."

नाथा कोयता घेऊन झाडावर चढला होता. दोन घाव. शेवग्याचं लाकूड ते. फांदी आमच्या बाजूला पडली. ग्रुपवर त्याला एक्केचाळीस अंगठे.

५ ऑक्टोबर, रविवार

पाठीवर अजून चट्टे आहेत. पालथा पडून लिहितोय.

मुद्दा असा की दसऱ्याच्या आसपास फांदी पाडायची होती, ती पडली. कोणाच्या हाताने, हा तपशील. हे कल्पिताला सांगितलं. ती चेनमधून सुईने सूत काढत होती. म्हणाली, हो.

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७.००

ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या घाण्यावर गेलो. खोबरेल, अर्धा लिटर. पाव लिटरही चाललं असतं. पण शत्रूचं काही अंगावर राहू नये, आणि हे तर अक्षरशः पाठभर अंगावर होतं.

आवडाबाई आत टीव्ही बघत होत्या. नाथाची बाईक नव्हती. ओट्यावर, घोंगडी वाळत घातली होती तिच्या शेजारी बाटली ठेवली. कोंबडी येऊन पाडेल म्हणून उचलून भिंतीकडे सरकवली. झाकण घट्ट आहे ना, बघितलं.

हाक मारली नाही. घरी आलो.