कोनच्या अंगणातला फुकटचा कॅमेरा

मी, श्रीमती वेणू काशीराम घरत, वय ६८, राहणार कोन, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तापट आहे, फिरलेले नाही. मला कोणी धमकावून लिहायला बसवलेले नाही. मला धमकावणारा अजून जन्माला यायचाय. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर मी सांगते आहे आणि वकीलबाई समीक्षा टाइप करीत आहेत. "जरा सौम्य शब्द घालू का?" असे त्यांनी दोनदा विचारले. घालायचे नाहीत.

कलम १. जमिनीच्या मोबदल्यातून बांधलेले दोन मजली घर व बँकेतील ठेव माझी सून रेवा गणू घरत हिला द्यावी. तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच. माझा भाऊ बाळू हक्क सांगायला आला तर त्याला जिन्यावरून ढकलून द्यावे. माझ्या पोराच्या तेराव्याला, मटण कधी करणार, असे विचारणारा माणूस आहे तो.

कलम २. माझा कोयता मोडून भंगारात द्यावा, कोणाच्या हाती देऊ नये. हाच घेऊन मी पाण्याच्या मशीनवाल्यामागे नाक्यापर्यंत धावले होते. पहिला महिना फुकट म्हणून मेल्याने मशीन भिंतीला ठोकले, दुसऱ्या महिन्यापासून खात्यातून पैसे कापायला लागला, आणि काढून ने म्हटले तर काढायचेही पैसे! त्याआधी माझ्या नवऱ्याच्या फोनला फुकटची गाणी लावली होती. नवरा गेला तरी दर महिन्याला पैसे जात होते. मेलेल्या माणसाला कसली गाणी ऐकवता रे? त्या फोनच्या दुकानाची काच मी दगडाने फोडली. फुकट म्हटले की वेणू पिसाळते, हे सगळ्या कोनला ठाऊक आहे. पुढे जे घडले ते त्यामुळेच खपले.

कलम ३. आमचे घर आणि मयत दिराचे घर यांच्यामध्ये दीड गुंठ्याचे अंगण आहे. ते कोणाचे, यावरून दिराचा मुलगा निकेश आणि माझा गणू यांच्यात सोळा वर्षे हाणामारी चालली. बिल्डर विचारायला आला तेव्हापासून तर दोघे एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले. निकेशवर नजर ठेवायला गणूने भिंतीवर कॅमेरा लावला. रेकॉर्डिंग कंपनीकडे साठायचे आणि रेवाच्या फोनवर दिसायचे; तीन महिने फुकट, पुढे वर्षाला बाराशे रुपये.

दिनांक १२ मार्च २०२४ रोजी सकाळी निकेशने अंगणात खुंट्या ठोकल्या. गणू उपटायला गेला. निकेशने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटले. मी धावत बाहेर आले.

पोलिसांना मी सांगितले की निकेशने फावड्याच्या दांड्याने गणूला मारले. ते खोटे आहे. दांडा माझ्या हातात होता. निकेशचे डोके फोडायचे म्हणूनच मी तो उचलला होता. निकेश वाकला आणि घाव गणूच्या कानशिलावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. माझे पोर माझ्या पायांवर पडले, "आये" एवढेच बोलले. निकेशने माझ्या हातून दांडा हिसकावला, म्हणून माणसे जमली तेव्हा तो त्याच्या हातात होता. तो ओरडत होता, "काकीनं मारला, काकीनं!" कोणाला पटणार? आई कधी पोटच्या पोराला मारते?

कलम ४. गणू गेल्यावर चौथ्या दिवशी फुकटचे तीन महिने संपले. पोलिसांनी कॅमेऱ्यातले दाखवा म्हटले, तर रेवाच्या फोनवर रेकॉर्डिंगला कुलूप आले. बाराशे भरा, सात दिवसांत उघडा, नाहीतर सगळे पुसले जाईल. निकेशची आई रंजिता, माझी धाकटी जाऊ, नोटा घेऊन माझ्या दारात लोळण घेऊ लागली.

"बाय, पैसं मी देतंय. येकदा उघडून बग. माजा पोऱ्या खोटा निंगाला तर मीच बोलन त्याला फाशी द्या!"

मी तिच्या नोटा तिच्या तोंडावर फेकल्या. कॅमेरा भिंतीतून उपटला, पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचला आणि फोन विहिरीत टाकला. "फुकट सांगून गळा कापणाऱ्यांना मी छदाम देणार नाय!" असे बोंबलले. लोक म्हणाले, पोरगा गेला तरी म्हातारी कंपनीपुढे वाकली नाय. खरे सांगते, मला त्या दिवशी कंपनीचा राग आला नव्हता. बाराशे मागणारी ती कंपनी मला देवासारखी वाटली. निकेशच्या वकिलाने कंपनीला पत्र धाडले तोवर सात दिवस उलटून गेले होते. निकेश वीस महिने आत आहे.

कलम ५. ते दीड गुंठा अंगण मी निकेशला सोडते. माझी ठुशी व पाटल्या रंजिताला द्याव्यात. हा कागद पाकिटात बंद करून वकीलबाईंकडे ठेवावा व माझ्या मरणानंतर कोर्टात द्यावा. मला तुरुंगात मरायचे नाही. भित्री म्हणायचे तर म्हणा.

ताजा कलम. साक्षीला मी रंजितालाच बोलावले, कारण तिला सहीपुरते लिहिता येते, वाचता येत नाही. ती आली. म्हणाली, "कागूद कसला, बाय?" मी म्हटले, घराचा. "बरा केलास. माजा निकेश सुटला तरी रेवाला तरास देनार नाय, मी हाय ना." आणि तिने पेन उचलले. मला सहन झाले नाही. मी म्हटले, वकीलबाई, पहिल्यापासून मोठ्याने वाचा.

तिने सगळे ऐकले. मग माझ्या मुस्कटात दोन मारल्या. माझा खालचा दात पडला. वकीलबाई मधे पडल्या, मी म्हटले सोडा तिला. मी मेल्यावर कागद कोर्टात जाईल, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तू मरशील कवा? माजा पोऱ्या आज आत हाय. ऊठ."

सबब कलम ५ मधील पाकिटाची अट रद्द. खोडलेल्या ओळीवर माझी सही आहे. रंजिताने खाली रिक्षा थांबवली आहे.

ठिकाण : पनवेल
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : वेणू काशीराम घरत (सही)
साक्षीदार : १. रंजिता घरत (सही)
२. दिपिका, वकीलबाईंच्या ऑफिसातील कारकून (सही)