कावळ्यादेखत दिलेला शब्द

६ जुलै, रविवार. सकाळी ७.
आजपासून मशीन मनावर घेतलं. माझे वडील आण्णा पुण्यातल्या कंपनीत माळी होते. रिटायर होताना तिथलं गवत कापायचं जुनं मशीन मागून आणलं, दर रविवारी अंगणात फिरवलं. गेल्या वर्षी त्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भावकीचे सगळे शब्द देऊन झाले. शेवटी मी मोठ्याने म्हणालो, आण्णा, तुमचं मशीन मी बंद पडू देणार नाही. कावळा लगेच आला! अख्ख्या कळंब गावाने पाहिलं. पुढच्याच आठवड्यात मशीन बंद पडलं.
चौदा ऑगस्टला वर्षश्राद्ध. त्याआधी चालू व्हायलाच हवं, नाहीतर आण्णांना काय तोंड दाखवू? पेट्रोलची नळी चिरली आहे, फिल्टर काळा, कार्बोरेटर चिकट. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दोन तासांचं काम.

१३ जुलै, रविवार.
नळी बदलली. मंचरला महंमद हनीफभाईंच्या गॅरेजात मिळते. पण ते आण्णांचे मित्र, दहाव्याला आले होते, मशीनचं विचारतील. म्हणून ठिबकची उरलेली बारीक नळी बसवली. नळी ती नळी. बायको रत्ना म्हणाली, अवो, ही पेट्रोलला टिकायची न्हाई. तिला दाब हा धडा समजावून सांगितला. ती भाकरी थापत राहिली.

२० जुलै, रविवार.
बरोबर सातला अंगणातून मशीनचा आवाज. चहा तसाच सोडून धावलो. मशीन ओट्यावर गप्प. रत्ना म्हणते ट्रॅक्टर गेला. मला ट्रॅक्टर कळत नाही का?

२३ जुलै.
आण्णांच्या खुर्चीपाशी पेट्रोलचा वास. त्यांच्या सदऱ्याला यायचा तोच. खाली ओला डाग. रत्ना म्हणते नळी गळतीय. मी विचारलं, मग नेमकी खुर्चीखालीच कशी? म्हणाली, मशीन तुमीच तिथं ठिवलंय. असल्या वादात पडत नाही. मला भीती वाटते. शाळेत कळता कामा नये.

२ ऑगस्ट, शनिवार. दुपारी.
कार्बोरेटर उघडून साफ केला. जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. कंपनी जास्तीची देत असावी. दोरी अठरा वेळा ओढली. कंटाळून वळलो, तेवढ्यात मागे मशीन एकदाच खोकलं. आण्णा मला झापायच्या आधी असेच खोकायचे. भर दुपारी आत येऊन कडी लावली.

९ ऑगस्ट.
गवत कमरेएवढं. शेजारचे रखमाजी म्हणाले, बिबट्या येऊन बसला तरी कळायचं न्हाई, राव. उद्या पहाटे पाचला उठून काम संपवणार. हे नक्की.

१० ऑगस्ट.
पाठ धरली.

१२ ऑगस्ट.
मी शाळेत असताना रत्नाने मशीन टेम्पोत घालून हनीफभाईंकडे नेलं. नळी, फिल्टर, ती स्प्रिंग. अर्ध्या तासात, एका ओढीत चालू. म्हणजे अवघड काम माझं झालेलंच होतं. ही नळी कुणी लावली असं त्यांनी विचारलं, तर रत्ना म्हणाली, काय की. चांगली बाई आहे.

१४ ऑगस्ट. वर्षश्राद्ध.
सकाळी रत्नानेच सगळं अंगण कापलं. जेवणाच्या पंगतीत मी जाहीर केलं की आण्णांना दिलेला शब्द पाळला. तर आमची अंबाबाई आत्या सगळ्यांसमोर हसली. दहाव्याला ती रत्नाच्या शेजारी उभी होती. म्हणाली, बाबा, तू बोलल्यावर कावळा उडून लांब फांदीवर गेल्ता. मग रत्नाने हळूच हात जोडले, आण्णा, मी यांना मशीनला हात लावू द्यायची न्हाई. तवा शिवला.
रत्नाला विचारलं. खाली बघत म्हणाली, व्हय. मी मशीन उघडल्यापासून तिलाही आण्णांची भीती वाटत होती, शब्द मोडला म्हणून. मग मला अडवलं का नाहीस? म्हणाली, बापाचं काहीतरी करत व्हता. कसं अडवू?
कापलेलं गवत पोत्यात भरायचं काम माझ्याकडे आहे. तीन पोती झाली.