आडवं घड्याळ, उभं घड्याळ

कल्याण, ता. ९ जानेवारी १८९९

"एका स्नेह्याची कल्पना" — असं म्हणाले हे, काल ठाण्याच्या सभेत! सहा वर्षं संसार केलेली बायको म्हणजे स्नेही. मी बायकांत, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसून ऐकत होते. शेजारी बसलेल्या कमळाबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या ह्यांचा स्नेही हुशार दिसतो हो." मी पदर सारखा केला.

कल्पना माझी. काचेच्या हंडीतली सगळी हवा काढली तरी प्रकाश आरपार जातोच. म्हणजे ती पोकळी रिकामी नाही. तिच्यात ईथर आहे — प्रकाश ज्यातून वाहतो ते अदृश्य द्रव्य — आणि ईथरमध्ये काही शक्ती साठलेली असणार. मग त्यातून वेगाने जाणारं घड्याळ जागच्या घड्याळासारखंच चालेल कशावरून? ती शक्ती त्याला धरून ठेवत असेल. किंवा काळच त्याच्यापुरता सावकाश होत असेल!

प्रयोगही माझाच. बाबांनी पुण्याच्या दुकानात मला मुलासारखं घड्याळकाम शिकवलं. त्यांच्याकडची दोन जुळी खिशातली घड्याळं मीच लावली. एक घरी. दुसरं ह्यांच्या खिशात, रोज आगगाडीने ठाण्याला, हे शिकवतात त्या शाळेपर्यंत आणि परत. गाडीतलं मागे पडतं — रोज!

घरी आल्यावर विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत. म्हणाले, "बायकोचं नाव भर सभेत घ्यायचं? जीभ तरी वळेल का?" सासूबाईंनी मान डोलावली. मी पानं वाढली.

१२ जानेवारी

ह्यांनी मीठ मागितलं. दिलं. बाकी बोलणं नाही.

१६ जानेवारी

चूक सापडली. माझीच.

घरचं घड्याळ कोनाड्यात आडवं पडलेलं असतं. ह्यांचं खिशात उभं. आडव्या-उभ्याने घड्याळाची चाल बदलते — बाबांनी शिकवलेला हा पहिला धडा! काल घरचं खुंटीला टांगून ठेवलं. तेही ह्यांच्या घड्याळाएवढंच मागे पडलं, गाडीत न बसता — आता दोघांत फरकच नाही.

कल्पना अजूनही खरी असू शकेल. पुरावा मात्र गेला.

ह्यांना सांगायचं नाही. पुढच्या महिन्यात ह्याच विषयावर मोठं व्याख्यान आहे. अध्यक्ष कमळाबाईंचे यजमान, अण्णा. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा चेहरा उजळतो.

२२ जानेवारी

ठाण्याला कमळाबाईंकडे हळदीकुंकू. वाण घेताना सहज म्हटलं, व्याख्यान संपलं की अण्णांना एवढंच विचारायला सांगा — घरचं घड्याळ ठेवलं होतं कसं?

कमळाबाईंनी कुंकवाचं बोट तसंच धरलं. "अगं, नवऱ्याला पाडतेस?"

"स्नेह्याला," मी म्हटलं.

खूप हसल्या. सांगतील.

३ फेब्रुवारी

हे मागच्या पडवीत एकटेच काहीतरी पुटपुटत असतात. मी गेले की गप्प, कानशिलं लाल. पाठांतर चाललंय. चालू दे!

काल जेवताना उगाच म्हणाले, ह्या वेळी पडद्याच्या अगदी जवळ बस. मी बसणारच होते. चेहरा बघायचा आहे मला.

११ फेब्रुवारी

उद्या. हिरवं लुगडं काढून ठेवलं. ह्यांच्या कोटाचं बटण सैल होतं, घट्ट केलं. पडायचं तर नीटनेटकं पडावं.

१२ फेब्रुवारी

उभे राहिले, घाम पुसला, आणि पहिलंच वाक्य — "हा सगळा विचार आणि प्रयोग माझ्या पत्नीचा, सौभाग्यवती कलावतीबाईंचा." नावापाशी आवाज चिरकला. पाठांतर ह्याचं चाललं होतं! मागे कुणीतरी हसलं. हे थांबले, आणि नाव पुन्हा घेतलं. नीट.

कमळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न अण्णांना आधीच सांगून झाला होता; आता पडद्यामागून उठून त्यांना थांबवायला जाता येणार नव्हतं.

शेवटी अण्णांनी विचारलंच — घरचं घड्याळ ठेवलं होतं कसं? हे जराही गडबडले नाहीत. पडद्याकडे वळून म्हणाले, "ते कलावतीबाईच सांगतील."

कुणीतरी चिकाचा पडदा वर गुंडाळला. उत्तर तर मला पाठच होतं. उठले.